अण्णांना सगळं कळत होतं का?

आपल्या नाशकातल्याच इंदिरानगरहून एका वाचक मैत्रिणीचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग तिच्याच शब्दांत देते.

“काकू, गंगापूर रोडला एका मैत्रिणीकडे आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा जमतो आणि परदेशी चित्रपट पाहतो. या वेळी ‘द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय’ हा फ्रेंच चित्रपट होता. खरी गोष्ट आहे. एका मोठ्या मासिकाच्या संपादकाला अचानक झटका येतो, सगळं शरीर लुळं पडतं, फक्त डावा डोळा चालतो. त्या डोळ्याची उघडझाप करून तो अख्खं पुस्तक सांगतो. आतून तो पूर्ण जागा असतो, सगळं ऐकत असतो. त्यात तो म्हाताऱ्या वडिलांची दाढी करतो असा एक प्रसंग आहे. तिथे मला जे रडू फुटलं ते थांबेचना. मी उठून गच्चीवर गेले.

माझे वडील, अण्णा, प्रेसमधून रिटायर झालेले. तीन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. डॉक्टर म्हणाले मेंदूच्या डाव्या बाजूला आहे. उजवं अंग गेलं, वाचा गेली. चौदा महिने जेलरोडच्या घरी अंथरुणावर होते, मग गेले. मी रोज इथून जायचे. दाढी मीच करायचे. पण काकू, त्यांच्या उशाशी बसून आम्ही काय काय बोललो! दवाखान्याचं बिल कोणी भरायचं, घर कोणाच्या नावावर, ब्यूरोची बाई ठेवायची की नाही. भाऊ रविवारी पुण्याहून यायचा, आमचं भांडण व्हायचं, तेही त्यांच्यासमोर. फिजिओने मोजायला सांगितलं की अण्णा एक ते वीस घडाघडा म्हणायचे. संध्याकाळी आईबरोबर रामरक्षेच्या दोन ओळी म्हणायचे. पण पाणी हवं का विचारलं तर नुसतं ‘हा हा हा’. भाऊ म्हणायचा, हट्टीपणा आहे. मीही एकदा तसंच म्हणाले. आता रात्र रात्र झोप येत नाही. त्यांना सगळं कळत होतं का?

दुसरं माझ्या नवऱ्याचं. चित्रपटभर ढिम्म. मध्येच मोबाईल पाहत होता. येताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला म्हणाला, ‘अगं सिनेमा होता, इतकं काय?’ (अण्णांना उचलायला, रात्री डायपर बदलायला तोच असायचा, ते मी नाकारत नाही.) तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलते. भावाला चित्रपट पाठवला, त्याने वीस मिनिटांत बंद केला आणि लिहिलं, ‘मला नको हे.’ माणसं इतकी दगड कशी असतात? आणि आईला दाखवावा का? ती आता आमच्याकडे असते, शहात्तर वर्षांची आहे, उजव्या कानाने ऐकू येत नाही. ती रोज विचारते, ‘त्या दिवशी असं काय पाहून आलीस ग?’”

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचून तो चित्रपट मी पुन्हा पाहिला. काही वर्षांपूर्वी पाहिला होता, तेव्हा मला त्यातला समुद्र आठवत राहिला होता. या वेळी तुझे अण्णा डोळ्यासमोर ठेवून पाहिला.

तुझी झोप ज्या प्रश्नाने उडवली आहे, तो आधी घेते. त्यासाठी पडद्यावरच्या माणसाला काय झालं होतं आणि अण्णांना काय झालं होतं, हे दोन वेगळे करून पाहावे लागतील. चित्रपटाने तुझ्या मनात ते एक करून टाकले आहेत.

ज्याँ-दोमिनिक बोबी हा फ्रान्समधल्या ‘एल’ मासिकाचा मुख्य संपादक. ८ डिसेंबर १९९५ रोजी त्याला झटका आला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. सुमारे वीस दिवस तो बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, विचार स्वच्छ होते, आणि हातापायाचं बोटही हलत नव्हतं. याला ‘लॉक्ड-इन’ म्हणतात. यात इजा होते ती मेंदूच्या देठात, मानेच्या वरच्या अंगाला. मेंदूकडून शरीराकडे जाणारे हुकूम त्या अरुंद वाटेने जातात. वाट बंद पडली की खाली काही पोचत नाही. पण विचार करणारा, ऐकणारा, आठवणारा वरचा मेंदू शाबूत असतो. डोळे वर-खाली करणं आणि पापणी मिटणं ही कामं त्या बंद वाटेच्या वरूनच चालतात, म्हणून तेवढी शिल्लक राहतात. बोबीचा उजवा डोळा तर शिवून टाकावा लागला. उरलेल्या एका पापणीने त्याने पुस्तक सांगितलं. समोरची बाई अक्षरं म्हणत जायची, हवं ते आलं की तो पापणी मिटायचा. साधारण दोन लाख वेळा पापणी मिटली तेव्हा ते पुस्तक झालं. मार्च १९९७ मध्ये ते छापून आलं आणि काही दिवसांतच, ९ मार्चला, तो गेला.

हा आजार फार विरळा आहे. अण्णांना तो नव्हता. त्यांचं डावं अंग हलत होतं, ते घास गिळत होते, आवाज फुटत होता. तू लिहिलंस त्यावरून त्यांना झाला तो वाचाघात. उजवं अंग जाणं आणि वाचा जाणं ही जोडी घराघरांतून दिसते, कारण बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला वसलेली असते. वाचाघात म्हणजे काय, हे मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं आहे: फडताळात डबे आहेत, डब्यांत जिन्नसही आहे, पण डब्यांवरच्या चिठ्ठ्या उडून गेल्या आहेत. तहान लागलेली कळते, ‘पाणी’ हा शब्द हाताला लागत नाही. आणि हे फक्त बोलण्यापुरतं राहत नाही, समोरच्याचं समजून घेण्यातही कमी-जास्त प्रमाणात होतं. आपल्या मनात आपण आपल्याशी बोलतो तो आतला आवाजसुद्धा अनेकदा अडखळतो.

चित्रपटाने तुझी झोप घालवली ती इथेच. पहिला बराच वेळ कॅमेरा बोबीच्या डोळ्याच्या जागी आहे. आपण त्याच्या आत बसून बाहेर पाहतो आणि त्याचा आतला आवाज ऐकतो, हुशार, मिश्कील, सणसणीत बोलणारा. बाहेर आलो की अंथरुणावरच्या प्रत्येक माणसाच्या आत असाच एक अस्खलित माणूस कोंडलेला असणार असं वाटायला लागतं. बोबीच्या बाबतीत ते खरं होतं. अण्णांच्या आत तसा अस्खलित आवाज शब्द न् शब्द टिपत बसला होता, असं मानायला तुझ्या पत्रात आधार नाही.

त्या मोजण्याबद्दल आणि रामरक्षेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण हा घोळ घरोघरी होतो. आकडे, वार, महिने, स्तोत्रं, आरत्या, अगदी शिव्यासुद्धा, जे आपण हजारो वेळा एका दमात म्हटलेलं असतं, ते बोलणं वेगळ्या वाटेने येतं. त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही, एकाला धरून दुसरा ओघळत येतो. म्हणून वाचा गेलेला माणूस रामरक्षा म्हणतो आणि स्वतःच्या बायकोचं नाव घेऊ शकत नाही. घरच्यांना वाटतं, हे म्हणता येतं मग ते का नाही, नाटकं आहेत. तुम्ही भावंडं असं म्हणालात कारण तुम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी, फिजिओने, कोणीतरी पाच मिनिटं बसून सांगायला हवं होतं. अण्णांचा हट्ट नव्हता. हे वाचून तुला वाईटही वाटेल आणि बरंही वाटेल. माझं मत विचारशील तर भावाला चित्रपटाऐवजी ही एवढी माहिती पाठव. ‘हट्ट’ हा शब्द त्याच्याही मनात कुठेतरी सलत असणार.

मग त्यांना किती कळत होतं? आता कोणालाच नेमकं सांगता येणार नाही. पण अशा रुग्णांना जे सगळ्यात अवघड जातं ते म्हणजे भरभर चाललेलं, तीन-चार जणांचं एकमेकांत मिसळलेलं बोलणं. बिलाचे आकडे, घराचे कागद, ब्यूरोचा दर, यातलं फारसं त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं. आणि जे बऱ्याचदा शाबूत राहतं ते म्हणजे आवाजाचा सूर, चेहरा, हाताचा स्पर्श, कोण आलं आणि कोण गेलं. म्हणजे तुम्ही कशावरून भांडताय हे कदाचित कळलं नसेल. भांडताय हे कळलं असेल. ‘त्यांना काही कळत नव्हतं’ असं सांगून मी तुला झोपवू शकले असते. पण तू ते मानलं नसतंस, आणि अण्णांचाही तो अपमान झाला असता.

पण मग एक कर. जे माप भांडणाला लावतेस तेच दाढीला लाव. तू पत्रात भांडणासाठी अण्णा पूर्ण जागे धरले आहेस आणि दाढीसाठी पूर्ण झोपलेले. असं कसं चालेल? भांडणाचा सूर त्यांच्यापर्यंत पोचला असेल, तर सकाळी गरम पाण्याचा रुमाल गालावर ठेवणारा हात तर त्याहून आधी पोचला. रोज इंदिरानगरहून जेलरोडला येणारी पावलं पोचली. भांडण रविवारचं होतं. दाढी चौदा महिने होती.

आता माझं सांगते, म्हणजे हे मी पुस्तकातून बोलत नाही हे तुला कळेल. माझे सासरे जुन्या नाशकातल्या वाड्यात नऊ महिने अंथरुणावर होते, असाच झटका. मी तेव्हा चाळिशीत होते, दोन मुलं, नोकरी, आणि घरात हे. एकदा त्यांची चादर बदलताना मी कामाच्या बाईला म्हणाले, “आता यांचं काही खरं नाही, मला मेलीला अजून किती दिवस काढायचेत कोण जाणे.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, डोळे आलेत वाटतं. आणि मी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. दोन दिवस घालत होते, सकाळ-संध्याकाळ.

ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी, आंघोळ करताना, एकदम लक्षात आलं की ते डोळे आले नव्हते. पुढे एका डॉक्टरबाईंनी मला सांगितलं की पक्षाघातानंतर काही रुग्णांना कारण नसतानाही रडू येतं, त्यावर त्यांचा ताबा राहत नाही. तेही असेल. मला ठरवता येत नाही आणि आता मी ठरवायचा प्रयत्नही करत नाही. पण मी ते नवऱ्याला सांगितलं. सांगायला बारा वर्षं लागली. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, “मी ऑफिसातून मुद्दाम उशिरा यायचो. मला त्यांच्या खोलीत जायची भीती वाटायची.” बारा वर्षं आम्ही एका घरात दोन वेगळ्या गोष्टी घेऊन राहत होतो.

म्हणून मी तुझ्या पत्रातल्या कंसाशी अडले. ‘अण्णांना उचलायला, रात्री डायपर बदलायला तोच असायचा, ते मी नाकारत नाही.’ अगं, हे वाक्य कंसात का घातलंस? चौदा महिने सासऱ्यांना काखेत हात घालून उचलणारा माणूस, आणि त्याला तू दगड म्हणतेस, कारण दोन तासांच्या चित्रपटात त्याचे डोळे भरले नाहीत.

त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. तो खरंच कंटाळला असेल. परक्या भाषेतला चित्रपट खालच्या ओळी वाचत पाहायचा, ही सवय सगळ्यांना नसते. किंवा ज्याने ती कामं स्वतःच्या हातांनी केली त्याला ती पुन्हा पाहायची नसतील. अंग पुसणं, कूस वळवणं, लाळ टिपणं, हे आपल्यासाठी पडद्यावरचं दृश्य होतं, त्याच्यासाठी रात्री अडीचचं काम होतं. मोबाईलकडे पाहणं म्हणजे पडद्याकडे न पाहणं, एवढंच आपण खात्रीने म्हणू शकतो.

त्या चित्रपटातच एक प्रसंग आहे, तो आठवून बघ. बोबीच्या खोलीत फोन बसवायला दोन माणसं येतात आणि न बोलणाऱ्या माणसाला फोन कशाला, यावरून थट्टा करतात. त्याला बोलायला शिकवणारी बाई संतापते. आणि बोबी आतल्या आत हसत असतो! त्याला तो विनोद आवडलेला असतो. जिला त्याचा कळवळा तिचा अंदाज चुकतो. आपण माया असलेल्या माणसाच्या वतीने रागावतो तेव्हा असं फार होतं. तू अण्णांच्या वतीने नवऱ्यावर रागावली आहेस. अण्णांना उचलताना त्या दोघांत काय चालायचं ते तुला ठाऊक आहे का? जावयाने काखेत हात घातला की अण्णा काय करायचे, अंग सोडायचे की घट्ट धरायचे? हे त्याला विचार. ‘तुला काहीच कसं वाटलं नाही’ असं विचारू नकोस, त्याला उत्तर नसतं, त्यावर माणूस फक्त स्वतःचा बचाव करतो. ‘अण्णांना तू उचलायचास तेव्हा ते कुठे धरायचे?’ असं विचार. स्कूटरवर विचारू नकोस. रात्री ओटा आवरताना विचार, तेव्हा माणसं एकमेकांकडे न पाहता बोलतात.

तुझ्या रडण्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, तिचा आपल्या गावाशी संबंध आहे. पांडवलेण्याच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे ते दादासाहेब फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा. चित्रपट काढायचं त्यांच्या डोक्यात आलं तेच मुळी एक परदेशी चित्रपट पाहून. मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि त्यांना मनात दिसत होते कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. म्हणजे परक्याच्या गोष्टीत आपलं माणूस दिसून हलून जाणं ही तुझी काही विचित्र अवस्था नाही. तू फ्रान्सच्या समुद्रकाठच्या दवाखान्यात जेलरोडची खोली पाहिलीस.

पण फाळके तिथे थांबले नाहीत, आणि मला तुला हेच सांगायचं आहे. त्यांनी येशूला कृष्ण समजून आयुष्य काढलं नाही. त्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला, मग बिऱ्हाड नाशकात हलवलं, १९१८ मध्ये ‘श्रीकृष्ण जन्म’ केला, आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण म्हणून आपल्या लहानग्या मंदाकिनीला उभं केलं. परक्या पडद्याने आठवण करून दिली, कृष्ण मात्र त्यांनी आपल्या घरातून आणला. तुझ्याही अण्णांची गोष्ट बोबीच्या डोळ्यातून बघत राहिलीस तर ती कधीच नीट दिसायची नाही. ती तुमच्या घरात आहे, थोडी तुझ्याकडे, थोडी नवऱ्याकडे, थोडी त्या पुण्याच्या भावाकडे, आणि सगळ्यात जास्त आईकडे.

‘खरी गोष्ट’ म्हणतेस म्हणून हेही सांगायला हवं. चित्रपटात बोबीला तीन मुलं आहेत, प्रत्यक्षात दोन होती. चित्रपटात मुलांची आई सारखी त्याच्याजवळ आहे आणि त्याची मैत्रीण भेटायला येण्याचं टाळते. प्रत्यक्षात ती मैत्रीण त्याला नियमित भेटायला जात होती, आणि पडद्यावरचं ते चित्र पाहून त्याच्या जवळच्या काही माणसांना वाईट वाटलं. चित्रपट म्हणून तो मला फार मोठा वाटतो, त्यात शंका नाही. पण उशाशी कोण बसलं होतं आणि कोण नव्हतं, हे दोन तासांत बसवताना बदलावं लागतं. त्या पडद्यावरच्या सेवेशी तू स्वतःला तोलू नकोस. तिथे बिलाचं भांडण दाखवायला वेळच नव्हता.

आणखी एक गोष्ट, कारण तू लिहिलं आहेस की ‘त्यांना किती नरकयातना झाल्या असतील’. बाहेरून पाहून आतलं मापायला जाऊ नये, असं मला एका अभ्यासावरून वाटतं. बोबीने अखेरच्या दिवसांत अशा रुग्णांसाठी फ्रान्समध्ये एक संस्था सुरू केली होती. तिच्या सभासदांना काही वर्षांनी प्रश्न विचारले गेले. २०११ साली ते निष्कर्ष छापून आले. लॉक्ड-इन अवस्थेतल्या ६५ जणांची उत्तरं धरली गेली, त्यातले ४७ जण म्हणाले की आम्ही सुखी आहोत. उरलेले १८ म्हणाले, नाही. आणि जे उत्तर देऊ शकले नाहीत त्यांचं आपल्याला काहीच कळलेलं नाही. अण्णांबद्दल यातून काही सिद्ध होत नाही. फक्त ‘नरकयातना’ हा शब्द तू त्यांच्या तोंडी घालू नकोस. सकाळच्या चहाला त्यांचे डोळे चमकायचे, हेही तूच लिहिलं आहेस.

भावाबद्दल थोडक्यात. तू त्याला चित्रपट पाठवलास, पण तो भेट म्हणून पाठवलास की समन्स म्हणून? वीस मिनिटं त्याने पाहिला, म्हणजे डोळा शिवतात तिथपर्यंत तरी तो आला असेल. ते आतून दाखवलं आहे, बघता बघता आपल्यावरच अंधार होतो. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या मुलाला तो अंधार सोसवला नसेल. ‘मला नको हे’ ही प्रतिक्रियाच आहे, आणि मला तरी ती दगडाची वाटत नाही. त्याला पुन्हा तो चित्रपट पाहायला सांगू नकोस. त्याला फोन करून म्हण, “आपण अण्णांसमोर भांडलो त्याचं मला वाईट वाटतं.” ‘तू भांडलास’ नको, ‘आपण’ म्हण. पुढचं तो बोलेल किंवा नाही बोलणार.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी आत्ता असा रुग्ण आहे, त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. एका वेळी एकानेच बोला, समोर बसून, हळू, छोट्या वाक्यांत, टीव्ही बंद करून. ‘काय हवं?’ विचारण्यापेक्षा पेला दाखवून ‘पाणी?’ विचारा आणि उत्तराला वेळ द्या, मनात दहा आकडे मोजेपर्यंत. हो-नाहीची एक खूण ठरवा, मान, बोट, पापणी, जे हलतं ते, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगा, ब्यूरोच्या बाईलासुद्धा. स्पीच थेरपिस्टला लवकर दाखवा. महिने गेले म्हणून उपयोग नाही असं समजू नका. आणि माणूस कसलीच हालचाल करत नसेल पण डोळे वर-खाली होत असतील, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. लॉक्ड-इन रुग्ण जागा आहे हे अनेकदा सगळ्यात आधी घरच्यांच्याच लक्षात आलेलं आहे.

बोबीसाठी फ्रेंच अक्षरं वापराप्रमाणे लावली होती, जास्त येणारी आधी. आपल्याकडे तर पूर्वजांनी काम सोपं करून ठेवलं आहे. आपली वर्णमाला ओळींतच बसलेली आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग असं म्हणत जायचं, हव्या वर्गाला रुग्णाने पापणी मिटायची, मग त्या वर्गातली पाच अक्षरं म्हणायची. पंचवीस अक्षरं एकेक करत जाण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. काना-मात्रा सोडून द्या, घरच्या माणसाला ‘प’ आणि ‘ण’ पुरतात. मात्र हे शब्द शाबूत असलेल्या माणसासाठी. वाचाघात असेल तर अक्षरांपेक्षा चित्रं चालतात, घरातल्या माणसांचे फोटो चालतात.

आता आई. तिला चित्रपट दाखवू नकोस. तिला त्रास होईल म्हणून नव्हे, अण्णांचं जे पाहायचं ते तिने आपल्या सगळ्यांच्या आधी पाहिलं आहे. खालच्या इंग्रजी ओळी तिला वाचता येणार नाहीत, तू कानाशी सांगत बसशील, आणि अर्ध्यात तूच रडशील. मूकपटाच्या काळात पडद्यावर पाट्या यायच्या आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना शेजारचा वाचून दाखवायचा. तू तशी शेजारी हो, फक्त पडद्याशिवाय. एक माणूस होता, नुसत्या पापणीने बोलायचा, त्याने वडिलांची दाढी केलेली त्याला आठवत होती, एवढं तुझ्या शब्दांत सांग. ती रोज विचारते आहे आणि तू उत्तर देत नाहीस, हे तिला डोळे सुजण्यापेक्षा जास्त टोचत असेल.

आणि मग तिला विचार, अण्णांचं तुला कसं कळायचं. मला जवळपास खात्री आहे की तिच्याकडे खुणा आहेत. पन्नास वर्षांच्या संसारानंतर बायकांकडे असतात. कुठला ‘हा हा हा’ पाण्याचा, कुठला कूस बदलायचा, कुठला ‘त्या दोघांना म्हणावं गप्प बसा’चा. रामरक्षेच्या त्या दोन ओळी कोणत्या, तेही विचार. चौदा महिने रोज संध्याकाळी ती त्यांच्याशी बोलत होती, त्यांना उत्तर देता येतील असेच शब्द निवडून. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

तिच्या डाव्या बाजूला बस. ती मध्येच थांबेल तेव्हा लगेच बोलू नकोस, आणि तिचं सांगून होईपर्यंत उठू नकोस.

तुझी,
काकू